अर्धवेळ मूल सांभाळणाऱ्या ताईंचा पगार कसा ठरवावा? ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल लहान असताना नोकरीवर परतणारे ठाणे आणि नवी मुंबईतले पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. ‘अर्धवेळ ताई’ म्हणजे रोज साधारण ३ ते ६ तास आपल्या घरी येऊन मूल सांभाळणारी बाई, असे येथे धरले आहे. ‘अमुक इतकेच द्यावेत’ असा एकच आकडा मी देणार नाही, कारण मानपाड्यातला दर कळव्यात लागू पडत नाही आणि खारघरचा दर दिघ्यात लागू पडत नाही. आकडा काढण्याची रीत मात्र सगळीकडे एकच आहे. उदाहरणांतील रकमा फक्त हिशेब कळावा म्हणून घेतल्या आहेत.

१. पगार तासावर ठरवावा, दिवसावर की महिन्यावर?

हिशेब तासाचा करावा आणि पगार महिन्याचा द्यावा. तासाचा दर ठरलेला असला की उशीर, जादा दिवस, वाढलेले काम या सगळ्यांचे उत्तर त्याच दरातून निघते. महिन्याचा पगार ठरलेला असला की ताईंनाही आपले घरभाडे आणि मुलांची फी कशातून भागणार हे आधी ठाऊक असते.

आठवड्याला ६ दिवस काम असेल तर महिन्याचे २६ दिवस धरावेत आणि ५ दिवस असेल तर २२. दुपारी १ ते संध्याकाळी ६.३० म्हणजे साडेपाच तास, गुणिले २६, म्हणजे महिन्याला १४३ तास. तासाला ८० रुपये धरले तर ११,४४० रुपये होतात आणि १०० रुपये धरले तर १४,३००. तासामागे २० रुपयांचा फरक महिन्याला २,८६० रुपयांवर जातो, म्हणून घासाघीस करण्याआधी हा गुणाकार दोघींनी समोरासमोर बसून करावा.

२. सुरुवातीचा आकडा कुठून आणायचा? सोसायटीत प्रत्येक जण वेगळे सांगतो.

वेगळे सांगतात, कारण प्रत्येकाचे काम वेगळे असते. ‘तुम्ही किती देता’ एवढेच विचारून उपयोग नाही. किती तास, कोणत्या वेळी, मूल किती महिन्यांचे, आणि पोळ्या-भांडी त्यात आहेत की नाहीत, हे विचारल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो. अशी तीन-चार घरे सापडली की प्रत्येकाचा तासाचा दर काढावा. तो बाजारभाव झाला.

त्यानंतर खालची मर्यादा तपासावी. राज्याचा कामगार विभाग दुकाने व इतर आस्थापनांसाठी किमान वेतनाचे दर जाहीर करतो आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. त्या मासिक रकमेला २६ ने आणि मग ८ ने भागले की तासाचा दर मिळतो. १३,००० रुपये धरले तर दिवसाचे ५०० आणि तासाचे साडेबासष्ट रुपये होतात. आपल्या बाळाला सांभाळणारी व्यक्ती दुकानात उभ्या राहणाऱ्या कामगारापेक्षा कमी मिळवत असेल, तर बाजारभाव काहीही असो, तो दर मला मान्य नाही.

पाळणाघराच्या फीशी तुलना करू नये. तेथे एक बाई अनेक मुले सांभाळते आणि खर्च वाटला जातो. घरी येणाऱ्या ताईंचा सगळा वेळ एकट्या आपल्या मुलासाठी असतो.

३. ताई फक्त ४ तास येतात. मग पूर्ण दिवसाच्या पगाराच्या निम्मे दिले तर चुकते कुठे?

माझ्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हा आहे आणि सर्वांत जास्त चूकही येथेच होते. आपण ४ तास विकत घेतो असे आपल्याला वाटते, पण ताईंच्या बाजूने पाहिले तर आपण त्यांचा दिवस मधोमध कापत असतो.

घणसोलीत राहणाऱ्या एका ताईंचा दिवस पाहा. सकाळी साडेसात ते अकरा त्या तीन घरांची धुणीभांडी करतात. दुपारी त्याच इमारतीत दोन घरांची भांडी आणि संध्याकाळी एका घरच्या पोळ्या असतात. तुम्ही त्यांना दुपारी १ ते ५ बोलावले, तर दुपारची दोन घरे सुटतात. आणि तुम्हाला यायला साडेपाच होत असतील, तर पोळ्यांचे घरही धोक्यात येते. म्हणजे तुमच्या ४ तासांसाठी त्यांनी तीन घरांचा पगार सोडलेला असतो. तो पगार जितका, त्याहून तुमचा आकडा कमी असेल तर त्या येणार नाहीत. आल्या तरी दुसऱ्या महिन्यात सोडतील, आणि मग ‘बाया टिकत नाहीत’ अशी तक्रार आपणच करू.

म्हणून अर्धवेळ कामाचा तासाचा दर पूर्णवेळ कामापेक्षा नेहमी जास्त असावा. सकाळी ८ ते १२ ही वेळ ताईंना सगळ्यांत महाग पडते, कारण बहुतेक घरांना काम त्याच वेळी हवे असते. ‘हे काम घेतल्याने तुमची कोणती घरे सुटतील?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारावा.

४. बाळ पाच महिन्यांचे आहे. मोठ्या मुलापेक्षा जास्त द्यावे लागतात का?

होय, आणि ते रास्त आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली; पण त्यातले ८ आठवडे प्रसूतीआधी घेतले असतील तर बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचे असताना आई कामावर परतते. त्या वयाचे बाळ सांभाळायचे म्हणजे काढून ठेवलेले दूध योग्य तऱ्हेने कोमट करणे, ढेकर काढणे, बाटल्या उकळणे, दिवसातून सहा-सात वेळा लंगोट बदलणे आणि या सगळ्यात क्षणभरही नजर न हलवणे. ताईंना त्या वेळात बसायलाही मिळत नाही. तीन वर्षांचे मूल दुपारी दोन तास झोपते. तेथे ताण निराळा असला तरी शरीराला थोडी उसंत असते.

मालिश आणि अंघोळ हे वेगळे कौशल्य आहे. बाळाला मालिश करणाऱ्या बाया फक्त त्या एका तासाचे वेगळे पैसे घेतात. तेच काम ताईंकडून करून घ्यायचे असेल तर ते पगारात वेगळे मोजावे.

५. दोन मुले असतील तर दुप्पट?

दुप्पट नाही, पण तेवढाच पगारही नाही. दोघे एकाच वेळी घरात असतील तर दराच्या पाव ते निम्मा जादा, अशी मी करत आलेली विभागणी आहे. जुळी तान्ही असतील तर निम्म्याहून जास्त. मोठे मूल शाळेतून येऊन फक्त शेवटचा तास घरी असेल, तर त्या तासापुरतीच वाढ धरावी. शाळेच्या बसथांब्यावरून त्याला आणायचे असेल तर धाकट्याला कडेवर घेऊन रस्ता ओलांडावा लागतो, हेही लक्षात असू द्यावे. कासारवडवलीच्या बाजूला सेवारस्त्यावर थांबणाऱ्या बसपर्यंत जून महिन्यात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बाळ घेऊन जाणारी बाई पाहिली, की हा ‘पाच मिनिटांचा’ वेळ किती मोठा असतो ते कळते.

६. बाळ झोपल्यावर ताईंनी भाजी चिरली, कपडे वाळत घातले तर चालेल ना?

बाळाचे कपडे, बाळाची भांडी, बाळाचा खाऊ हे बाळाच्याच कामात येते. घरातल्या सगळ्यांची भांडी, लादी, पोळ्या ही वेगळी कामे आहेत. ताईंची तयारी असेल तर त्या कामांचा सोसायटीत चालू असलेला दर पगारात मिळवावा. ‘असेही तुम्ही मोकळ्याच असता’ असे म्हणून एकेक काम वाढवत जाऊ नये. मूल झोपलेले असतानाही जबाबदारी जागीच असते. आणि मूल रांगते झाल्यावर गॅसजवळ उभी असलेली ताई मुलाकडे पाहू शकत नाही, हा मुलाच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

७. ताई लांबून येतात. प्रवासाचे पैसे वेगळे द्यावेत का?

चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या ताईंसाठी हा प्रश्न येत नाही. दिवा, मुंब्रा किंवा कळव्याहून ठाण्यात, अथवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली, कोपरखैरणे, वाशीकडे येणाऱ्या ताईंचा लोकलचा मासिक पास पालकांनी द्यावा; ती रक्कम आपल्या खर्चात फार मोठी नसते. खरा खर्च स्थानकापासून घरापर्यंतच्या शेअर रिक्षाचा असतो. घोडबंदर रस्त्यावर तो रोज दोन्ही बाजूंचा धरला तर महिन्याच्या पासपेक्षा कितीतरी जास्त होतो, म्हणून तो स्वतंत्र लिहून ठेवावा आणि भाडे वाढले की बदलावा. दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाल्यापासून त्या वस्तीतल्या बायांना ठाणे आणि वाशी या दोन्ही बाजूंची कामे घेणे सोपे झाले आहे. ऐरोलीत ताई शोधणाऱ्यांनी तिकडे अवश्य चौकशी करावी.

८. आजी घरी असतात. मग पगार कमी ठरवता येईल का?

आजी फक्त घरात असतील तर नाही. आजी स्वतः अर्धा वेळ मूल घेत असतील तर ताईंचे तास कमी करावेत, पण दर कमी करू नये. उलट अनेक घरांत आजींचे औषध, चहा, गुडघ्याला तेल हेही ताईंकडे हळूहळू येते. तसे होणार असेल तर ते आधीच बोलून प्रश्न ६ प्रमाणे मोजावे.

९. खाडे झाले तर पगार कापावा का, आणि कसा?

महिन्याला २ भरपगारी सुट्ट्या आणि वर्षाला सणावाराच्या व गावी जाण्याच्या मिळून १० ते १२ सुट्ट्या आधीच ठरवून द्याव्यात. त्यापलीकडचा खाडा कापायला हरकत नाही, पण भागाकार सरळ असावा. १३,००० रुपये पगार आणि २६ दिवसांचे काम असेल, तर एका दिवसाचे ५०० रुपये होतात. काही घरांत खाडा कापताना २६ ने भागतात आणि रविवारी जादा बोलावले की ३० ने भागून ४३३ रुपये देतात. हे बहुधा कोणी मुद्दाम करत नाही. पण ताईंना ते बरोबर कळते. दोन्हीकडे भाजक एकच ठेवावा.

मूल तापाने फणफणले असताना सांभाळून ताई स्वतः आजारी पडल्या, तर तो खाडा माझ्या मते धरूच नये.

१०. आम्ही पंधरा दिवस गावी जाणार आहोत. त्या दिवसांचा पगार द्यायचा का?

द्यायचा, पूर्ण द्यायचा. त्यांनी तो वेळ आपल्यासाठी राखलेला आहे आणि आपण नाही म्हणून त्यांना पंधरा दिवसांसाठी दुसरे काम मिळत नाही. अनेक पालक गणपतीत किंवा मे महिन्यात ‘अर्धा पगार’ देतात. पण त्या महिन्यात ताईंचे घरभाडे अर्धे होत नसते. आपण घरून काम करतो म्हणून ताईंना लवकर घरी पाठवले, तरी हेच लागू होते. तुमची रजा मोठी, म्हणजे महिन्याहून अधिक असेल, तर आधी दोन महिने सांगून वेगळी बोलणी करावीत.

११. ट्रॅफिकमुळे रोज वीस-तीस मिनिटे उशीर होतो. त्याचेही पैसे?

होय. येथे माझी स्वतःची चूक सांगते. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना आम्ही कोपरखैरण्यात राहत होतो आणि ताईंची वेळ ६ पर्यंत ठरली होती. पवईहून ऐरोली पुलामार्गे येताना मला रोज उशीर होई. ताई कधी बोलल्या नाहीत. मुलाने किती खाल्ले, किती झोपला हे लिहायची एक वही फ्रिजवर असे. एका महिन्याअखेरीस ती चाळताना प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले दिसले: ६.४०, ६.५५, ७.१०. मी बेरीज केली. ११ तास झाले होते. तेवढा वेळ त्यांची स्वतःची मुलगी तुर्भ्याला शेजारणीकडे बसून राहिली होती. मागचे पैसे मी दिले, पण मला जास्त लागले ते त्यांनी ते पेन्सिलीने, खोडता येईल असे लिहिले होते याचे.

तेव्हापासून आमच्याकडे जाण्याची वेळ रोज वहीत पेनाने लिहिली जाते. १५ मिनिटांपर्यंत सूट, त्यापुढे प्रत्येक अर्ध्या तासाचे पैसे, आणि रात्री ८ नंतर दीडपट दर व रिक्षाचे भाडे, असा नियम आम्ही केला. उशीर रोजचाच असेल तर ठरलेली वेळच पुढे सरकवावी आणि पगार त्याप्रमाणे नव्याने ठरवावा.

१२. पावसाने लोकल बंद पडल्या आणि ताई आल्याच नाहीत. हा खाडा धरायचा का?

नाही. त्या दिवशी बहुधा तुमच्याही कचेरीने तुमचा पगार कापलेला नसतो. याच्या उलट प्रसंगही लक्षात ठेवावा: पाणी भरून तुम्ही अडकलात आणि ताई रात्री उशिरापर्यंत मुलाजवळ थांबल्या, तर प्रश्न ११ मधला दर लागूच होतो.

१३. शेजारच्या घराबरोबर मिळून एकच ताई ठेवली तर?

दोन्ही मुलांना एकाच घरात एकाच वेळी सांभाळायचे असेल तर प्रश्न ५ मधला वाढीव दर काढून तो दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. त्यात दोन्ही घरांची बचत होते आणि ताईंनाही एका घरापेक्षा जास्त मिळतात. दोघांपैकी एक घर मध्येच बाहेर पडले तर काय, हे मात्र आधी लिहून ठेवावे. उरलेल्या घराने किमान एक महिना पूर्ण पगार द्यावा, म्हणजे ताईंना दुसरे घर शोधायला वेळ मिळतो.

१४. जूनपासून मूल बालवाडीत जाणार. तास कमी झाले, तर पगार कमी करता येईल का?

तास ज्या बाजूने कमी होतात त्यावर ते अवलंबून आहे. सकाळचे तीन तास शाळा आणि ताई मात्र ८ ते ९ व १२ ते ४ अशा दोनदा येणार असतील, तर मधले तीन तास त्यांच्या हाती फारसे लागत नाहीत. अशा वेळी मी निदान निम्मा वेळ तरी मोजते. तास कडेचे सुटत असतील आणि ताईंना तेथे दुसरे घर मिळू शकत असेल, तर दोन महिने आधी सांगून पगार कमी करणे योग्य आहे. मात्र शाळेला दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की जुने तास पुन्हा लागतात. ते दिवस जादा म्हणून मोजावे लागतील, याचा हिशेब आत्ताच करावा.

१५. दिवाळीला किती द्यावे, आणि पगारवाढ केव्हा?

वर्ष पूर्ण झाले असेल तर दिवाळीला एक महिन्याचा पगार ही आपल्याकडची रूढ रीत आहे. सहा महिने झाले असतील तर अर्धा. साडी आणि फराळ द्यावाच, पण तो बोनसच्या बदली नव्हे. आणि बोनस दिवाळीच्या आठवडाभर आधी द्यावा, कारण किराणा आणि मुलांचे कपडे त्यातूनच यायचे असतात. पगारवाढीचा महिना ठरवून ठेवावा आणि ताईंनी मागण्याआधी आपणच विषय काढावा.

१६. ताईंना मुलीच्या फीसाठी उचल हवी आहे. द्यावी का?

एक महिन्याच्या पगाराएवढी द्यायला हरकत नाही. महिन्याला पगाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक कापू नये, तारीख व रक्कम दोघींच्या सह्यांनी वहीत लिहावी आणि उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही असे कधीही म्हणू नये.

१७. कायद्याने काही बंधन आहे का?

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ चा आहे. तो पगार ठरवत नाही. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी कल्याणकारी योजना हे त्याचे काम आहे. ताईंना नोंदणी करायची असेल तर त्या आपल्याकडे काम करतात असा साधा दाखला सहीनिशी द्यावा. कामाला नेमलेल्या दिवसाची तारीख त्यात असावी. केंद्राच्या ई-श्रम संकेतस्थळावरही असंघटित कामगारांची नोंदणी होते. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा घरात काम करणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो आणि तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

पगाराव्यतिरिक्त थोडे करायचे असेल तर विमा आणि निवृत्तिवेतन पाहावे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण आहे. प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वयाच्या आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कामगाराने वयानुसार ५५ ते २०० रुपये भरले की सरकार तेवढेच भरते आणि ६० नंतर महिन्याला ३,००० रुपये मिळतात. एवढा हप्ता घरमालकाने उचलावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

१८. पगार रोख द्यावा की खात्यात? आणि लाडकी बहीणचे १,५०० मिळतात, ते धरायचे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. ती शासनाची मदत आहे. आपल्या घरच्या कामाचा मोबदला तिच्यातून वळता होत नाही.

पहिल्याचे उत्तर ताईंनाच विचारावे. खात्यात जमा केल्याने नोंद राहते. पण खाते किंवा मोबाइल घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल, तर ऑनलाइन पाठवलेला पगार ताईंच्या हाती येतच नाही. हे त्या सहसा आपणहून सांगत नाहीत, म्हणून एकट्या असताना विचारावे. रोख दिल्यास वहीत सही घ्यावी. तारीख १ ते ५ च्या आत असावी आणि मागायला लावू नये.

१९. गावाकडची सोळा वर्षांची मुलगी कमी पैशांत यायला तयार आहे. चालेल का?

१४ वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. सोळा वर्षांची मुलगी त्या मर्यादेबाहेर असली, तरी माझे उत्तर नाही असेच आहे. त्या वयात तिने शिकायला हवे, आणि तान्ह्या बाळाची जबाबदारी पेलण्याचे ते वयही नव्हे. ती स्वस्त पडते कारण तिला नाही म्हणता येत नाही.

२०. काम थांबवायचे झाले तर शेवटचा हिशेब कसा करावा?

दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना असावी. सूचना न देता आपण थांबवले तर एका महिन्याचा पगार द्यावा. वहीतून शेवटच्या महिन्याचे दिवस, जादा तास, न घेतलेल्या सुट्ट्या, दिवाळीपर्यंतच्या महिन्यांचा बोनस आणि उरलेली उचल एका पानावर मांडून ते ताईंना वाचून दाखवावे. चाचणीच्या आठवड्यानंतर न जमल्यास त्या आठवड्याचे पूर्ण पैसे द्यावेत. ‘फक्त बघायला बोलावले होते’ हे उत्तर होऊ शकत नाही. ताई दोन-तीन वर्षे राहिल्या असतील तर शेवटच्या दिवशी मुलाला त्यांच्याबरोबर नेहमीच्या बागेत जाऊ द्यावे, आणि पगाराचे पाकीट त्याआधीच त्यांच्या हाती दिलेले असावे.